बिनक्लिपचं पेन

शाईच्या जुन्या पेनांचा नाद असलेली आम्ही काही माणसं महिन्यातल्या एका रविवारी सकाळी डेक्कनजवळच्या एका हॉटेलात जमतो. इडली-वडा खाता खाताच टेबलाचा मधला भाग कोरडा पुसतो आणि आपापली पेनं काढून मधे ठेवतो. ज्याला जे हवं ते त्याने उचलावं, उघडावं, लिहून बघावं. कुणी नवं काही आणलं असेल तर पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कुठे मिळालं?" या प्रश्नाच्या एका उत्तराने मला कितीतरी वर्षं जाळलं आहे.

"मिळतंय कुठलं? घरातच होतं."

घरातच होतं, म्हणजे आजोबांच्या टेबलाच्या खणात, पणजोबांच्या वकिलीच्या सामानात, आत्याच्या माळ्यावरच्या ट्रंकेत. घर आवरायला काढलं, एक खण उघडला आणि पेन निघालं. हे बोलणारी माणसं वाईट नव्हती. ती आपली खरं तेच सांगत होती. पण तेवढं ऐकलं की माझ्या घशात इडली अडकायची.

माझ्या आजोबांना टेबल नव्हतं, त्यामुळे खणही नव्हता. वडील आमच्या तालुक्याच्या गावी बाजार समितीत पोती वाहायचे. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात चुन्याची डबी असायची. आमच्या घरात पहिलं पेन आलं ते माझ्यासाठी आलं आणि पहिली पदवीही माझीच. याचं मला दुःख नाही, उलट फार कृतज्ञता आहे. वडिलांच्या खांद्यावरचे घट्टे मी पाहिले आहेत. पण कृतज्ञता आणि मत्सर एकाच माणसात शेजारी शेजारी राहू शकतात, हे मला या पेनांच्या नादात कळलं.

मला एकच पेन हवं होतं. बाकीची मी हौसेने जमवली, पण शोध त्या एकाचा होता.

ते मी पहिल्यांदा पाहिलं ते पुण्यात कॉलेजला प्रवेश घ्यायला आलो तेव्हा. कार्यालयात खिडकीपलीकडे एक बाई बसायच्या. मी अर्जावर 'वडिलांचा व्यवसाय' या ओळीपाशी थांबलो होतो. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"काय करतात वडील?"

"पोती उचलतात."

"मग मजुरी लिही. लाजतोस काय? लाजलास तर फी भरावी लागेल."

मी मजुरी लिहिलं. सही करायच्या वेळी माझं बॉलपेन उठेना. मी ते कागदाच्या कडेला गिरवत बसलो, तेव्हा त्यांनी आपल्यासमोरचं पेन पुढे केलं. "हे घे. आणि दाबू नकोस, नांगर नाही तो."

पेन जाडसर होतं. काळ्या अंगावर हिरव्या लहरी, कलिंगडाच्या सालीसारख्या. टोपणाला क्लिपच नव्हती, गुळगुळीत होतं सगळं. हातात धरलं तर बाईंच्या हाताची ऊब त्यात तशीच होती. मी सही केली. शाई कागदावर ओली दिसली आणि मग बघता बघता वाळली. त्या कॉलेजात माझं नाव पहिल्यांदा असं उमटलं. पुढे कार्यालयात गेलो की मी आधी बाईंच्या टेबलावर ते पेन आहे का ते बघायचो. माझं शेवटचं वर्ष चालू असताना त्या निवृत्त झाल्या आणि पेनही त्यांच्याबरोबर गेलं.

नोकरी लागली, लग्न झालं, बिबवेवाडीत दोन खोल्यांचं घर झालं, तेव्हा कुठे मी शोधायला लागलो. बुधवार पेठेत पेनं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या दुकानदाराला मी वर्णन सांगितलं. त्याने लगेच ओळखलं. ते एबोनाइटचं पेन होतं. एबोनाइट म्हणजे कडक केलेलं रबर, ते लेथवर कातून पेन करायचे. पुण्यातच एक छोटा कारखाना होता, कधीच बंद पडला. हे बिनक्लिपचं मॉडेल त्यांनी टेबलावर ठेवायला म्हणून काढलं आणि ते खपलंच नाही.

"का नाही खपलं?" मी विचारलं.

"अहो, पेन खिशाला लावल्यावर लोकांना दिसलं पाहिजे! नाहीतर शिकून उपयोग काय?" तो म्हणाला. "आणि ज्यांनी घेतली त्यांची गडगडत टेबलावरून खाली गेली. निब मोडली, फेकली. आता कुठली मिळायला?"

त्यानंतर मी रद्दीची दुकानं पाहिली, जुन्या बाजारात फरसाणाच्या डब्यांतून विकायला ठेवलेली पेनं चाळली, बंद पडणाऱ्या स्टेशनरीच्या दुकानांत जाऊन बसलो. खराडीला ऑफिसला जाताना रोज वेगळा रस्ता धरायचो, वाटेत एखादं जुनं दुकान दिसेल म्हणून. काही नाही. मग त्या रविवारच्या टेबलावर एकदा न राहवून मी सगळ्यांना वर्णन सांगितलं.

समोर एक गृहस्थ बसले होते. बँकेतून निवृत्त झालेले, पेठेतल्या जुन्या घरातले, बोलणं मोजकं आणि तिरकस. त्यांनी वडा सांबारात बुडवला आणि म्हणाले, "ते कलिंगड ना? आहे आमच्याकडे. घरातच होतं."

पुढच्या वेळी ते खरंच घेऊन आले. शर्टाच्या खिशातून नव्हे, रबर बँड लावलेल्या कागदाच्या एका गुंडाळीतून काढलं. ते पेन दार लोटू नये म्हणून फटीत अडकवत असते तरी मला नवल वाटलं नसतं. पेन अगदी कोरं होतं. लहरी कालच कातल्यासारख्या. आजोबांना कुणीतरी भेट दिलेलं, आजोबांनी कधी वापरलं नाही, वडिलांनी कधी उघडलं नाही.

"लिहा की," ते म्हणाले. "पण एकच ओळ. निब दुसऱ्याच्या हाताला लागलेली बरी नाही."

मी नवं पेन हातात आलं की नेहमी स्वतःचं पूर्ण नाव लिहितो. बाकीचे 'श्री' लिहितात, रेघोट्या ओढतात, इंग्रजी आठचा आकडा गिरवतात. मी नाव, वडिलांचं नाव, आडनाव लिहितो. तसंच लिहिलं.

"नाव कशाला?" गृहस्थ म्हणाले. "परीक्षेला बसलायत का?"

सगळे हसले. मीही हसलो. पेन परत देताना बोटं सुटेनात, ते त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण ते जरा मऊ आवाजात म्हणाले, "अहो, तुमच्याही घरी असेल एखादं. जुनी कपाटं बघितलीत का? आजोबांची वगैरे?"

"बघतो," मी म्हणालो.

त्या दिवशी घरी येताना मी त्यांचा इतका हेवा केला की स्वारगेटचा सिग्नल हिरवा झालेला मला कळला नाही. मागचा रिक्षावाला म्हणाला, "काका, रंग आवडला नाही का? दुसरा दाखवू?" पेनाचा हेवा मी समजू शकलो असतो. पण मला हेवा वाटत होता तो त्यांच्या न शोधण्याचा. मी पुण्यातली सगळी धूळ हुंगली होती आणि त्यांनी फक्त एक खण ओढला होता. त्यानंतर मला ते पेन नुसतं हवं नव्हतं. मला त्या टेबलावर, त्यांच्यासमोर ते ठेवायचं होतं.

मार्ग सुचला तो एका थंडीच्या सकाळी. ऑफिसच्या वाहनतळावर मी जाकिटाच्या खिशात कपाटाची किल्ली शोधत होतो. खिसा आतून उसवला होता. किल्ली पार खाली, अस्तरात, पाठीमागच्या बाजूला जाऊन पडली होती. मी जाकीट काढून ती बोटांनी ढकलत ढकलत वर आणली, आणि मधेच थांबलो. क्लिप असलेलं पेन खिशाच्या कडेला अडकून राहतं. क्लिप नसलेलं खिशात आडवं पडतं, आणि खिसा फाटला की खाली बुडतं. माणसाला वाटतं कुठेतरी पडलं. ते पडलेलं नसतं, त्याच्या अंगावरच असतं. म्हणजे इतकी वर्षं मी पेनांच्या डब्यांत शोधत होतो तेच चुकीचं होतं. शोधायचं होतं कोटांच्या अस्तरात.

त्यानंतरच्या रविवारांपासून मी जुन्या बाजारात पेनांकडे बघणं सोडलं आणि जुन्या कपड्यांच्या ढिगाऱ्यांपाशी जायला लागलो. बोहारणींनी भांडी देऊन घेतलेले, कुणी मेल्यावर घरच्यांनी काढून टाकलेले कोट तिथे येतात. मी घ्यायला आलोय असं दाखवत कोटाची खालची शिवण चिमटीत धरायचो आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचो. सुपाऱ्या लागल्या, कंगव्याचे तुकडे लागले, एकदा दात कोरायची चांदीची काडी लागली. बायको म्हणाली, "आधी पेनं चाचपायचात, आता मेलेल्या माणसांचे कोट चाचपता. पुढे काय?" तिचा राग फुकटचा नव्हता, कारण त्या कपड्यांचा वास माझ्या अंगाला चिकटायचा. पण खरं सांगतो, इतकं सुख मला एखादी वस्तू विकत घेण्यात कधी मिळालं नाही. प्रत्येक शिवण म्हणजे एक शक्यता होती. आणि दर वेळी मनात तेच गृहस्थ असायचे, आपल्या खणासमोर आरामात बसलेले.

ज्या कोटात ते लागलं तो काळा होता, बगलेत विटलेला, एक बटण वेगळ्या रंगाचं. चिमटी उजव्या कोपऱ्यात आली आणि बोटाखाली काहीतरी लांबट, गोल, कडक घरंगळलं. मी कोट तसाच धरून उभा राहिलो. विकणारी बाई पन्नाशीची होती, ढिगाऱ्यावरच बसलेली.

"केवढ्याला?" मी विचारलं. तिने किंमत सांगितली. मी पाकीट काढलं.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग कोटाकडे. "थांबा. घासाघीस न्हाई करत?"

"नको. ठीक आहे."

"तुमच्या मापाचा तर न्हाई ह्यो. आन् घासाघीस बी न्हाई. खिशात कायतरी हाय ह्यात." तिने कोट माझ्या हातातून ओढून घेतला आणि एकेक खिसा उलटा केला. आतला, बाहेरचा, छातीचा. बसचं एक चुरगळलेलं तिकीट निघालं. आतल्या खिशाच्या भोकातून तिची बोटं आरपार गेली, तरी तिला ते भोकच वाटलं. 

"फाटकाच हाय की. घ्या, न्या," ती म्हणाली आणि तिकीटसुद्धा परत खिशात घातलं.

मी कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर बसलो, किल्लीच्या टोकाने शिवण उसवली आणि पेन बाहेर काढलं. हिरवं जवळजवळ गेलं होतं, काळ्याचं खाकी झालं होतं, लहरी उन्हात तिरपं धरलं तरच दिसत होत्या. अंगठ्याने चोळलं तर गंधकाचा वास आला, खऱ्या एबोनाइटला येतो तसा. टोपणाला क्लिप नव्हती. चहा माझ्यासमोर गार झाला. मी ते टोपण लावत होतो आणि काढत होतो, लावत होतो आणि काढत होतो. टपरीवाल्याने विचारलं, "दुसरा देऊ?" मी हो म्हणालो आणि तोही गार केला.

आठवड्याने त्याच बाईने हाक मारली. "साहेब, बसला का कोट?" मला खोटं बोलवेना. मी पेन काढून दाखवलं आणि कुठे होतं ते सांगितलं, वर थोडे पैसेही द्यायला गेलो. पैसे तिने घेतले, हसली, आणि म्हणाली, "अस्तरात व्हय! आता म्या बी चाचपणार." तिने चाचपलं आणि शेजारणींनाही सांगितलं. हल्ली तिथले सगळे कोट खालून उसवलेले मिळतात. माझ्या युक्तीवर माझा हक्क नव्हता, हे मला कळतं, तरी ते उसवलेले कोट बघून थोडं दुखतं.

पेनावर एक गोष्ट होती जी मी टपरीवर नीट पाहिली नव्हती. घरी ओल्या फडक्याने पुसलं तेव्हा अक्षरं उघडी झाली. पूर्वी दुकानात पेन घेतलं की तिथेच नाव कोरून द्यायचे. तसं एक नाव कोरलं होतं. नाव, पुढे वडिलांचं नाव, आणि पुढे 'बी. ए.' आडनाव नव्हतं. ते नाव मी इथे लिहीत नाही. कुणाचं तरी घर ते ओळखेल.

हॉटेलातल्या पुढच्या रविवारी मी ते टेबलावर ठेवलं. गृहस्थांनी खिशातून भिंग काढलं.

"रंग गेलाय," ते म्हणाले.

"हो."

"नाव कोरलंय." मग भिंग जवळ नेलं. "आणि बी. ए.! पेनावर डिग्री? मग पत्ताही घालायचा होता, जागा आहे अजून."

टेबल हसलं. मी या वेळी हसलो नाही. त्यांच्या आजोबांच्या पेनावर डिग्री कोरलेली नव्हती, कारण त्या घरात ती कोरून ठेवावी इतकी नवलाची कधी नव्हतीच. आणि आडनाव का गाळलं असेल तेही मी ओळखू शकत होतो. आमच्यात वडिलांच्या एका चुलतभावाने धम्मदीक्षेनंतर शहरात नोकरी धरली आणि आडनाव लिहिणं सोडलं. आडनाव ऐकलं की पुढचा माणूस खुर्ची सरकवायचा, ती मागे की पुढे हे आडनावावर ठरायचं. बी. ए. ऐकून मात्र खुर्ची पुढेच यायची. या पेनाच्या मालकाने दुकानात उभं राहून काय कोरायचं आणि काय नाही हे ठरवलं, तो क्षण मला त्या टेबलावर बसून दिसत होता. समोरच्यांना तो दिसत नव्हता. 

"नाव घासून काढता येतं," गृहस्थ म्हणाले. "पॉलिश केलं की रंगही वर येईल थोडा. माझ्या ओळखीचा माणूस आहे. नाव असलं की पेनाची किंमत पडते."

"राहू दे."

"कुठे मिळालं पण?"

मी सांगितलं. किल्ली, जाकीट, अस्तर, बाईने उलटे केलेले खिसे, सगळं. सांगता सांगता मला जाणवलं की टेबलावर कुणी खात नाहीये. गृहस्थांनी भिंग मिटलं. स्वतःचं कोरं पेन त्या दिवशी त्यांनी आणलं होतं, ते रबर बँडसकट खिशात परत ठेवलं.

"आम्हाला असं काही कधी मिळालंच नाही," ते म्हणाले. "आमचं आपलं सगळं घरातच." तेच वाक्य होतं, पण यावेळी ते कुणीतरी त्यांना फसवल्यासारखं बोलले. मग थोड्या वेळाने, बिल देताना, बाजूला येऊन म्हणाले, "अहो, एखाद्या रविवारी मला न्याल का बरोबर? जुन्या बाजारात? मी येईन सकाळी लवकर."

"नेईन की," मी म्हणालो.

अजून नेलेलं नाही. त्यांनी दोनदा आठवण केली. दोन्ही वेळा मला काहीतरी काम निघालं. त्यांच्याजवळ खण आहे. हे एवढं माझ्याजवळ राहू दे.

पेन सुरुवातीला माझ्या हाताला बसेना. त्या माणसाने ते डावीकडे कलवून धरलं असावं, निब त्या बाजूने झिजली होती. मी सरळ धरलं की खरवडायचं. पेनं जमवणारे अशा वेळी निब घासून घेतात. मी माझाच हात थोडा कलवला. आता चालतं. ऑफिसात सह्या त्यानेच करतो, आणि सही करताना मला नेहमी आधी खिडकीपलीकडच्या बाई आठवतात, मग तो माणूस. त्याचाही मला क्वचित हेवा वाटतो. त्याने पदवी कोरून घेतली. मी माझ्या पदवीचा कागद मिळाला त्या दिवशी इतका घाबरलो होतो, की हरवू नये म्हणून तो पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवला आणि वरून कुलूप लावलं.

परवा माझ्या मुलीची मैत्रीण अभ्यासाला आली होती. दोघी बाहेरच्या खोलीत टेबलावर बसल्या होत्या, मी आत शर्टाला इस्त्री करत होतो. मुलीने माझं पेन मला न विचारता घेतलं होतं.

"कसलं भारी आहे गं हे! व्हिंटेज ना? कुठून घेतलंस?" मैत्रीण म्हणाली.

"घेतलं नाही गं," मुलगी वहीतून मानही वर न करता म्हणाली, "घरातच होतं."

इस्त्री शर्टावर तशीच राहिली.

"आणि हे नाव कोणाचं? बी. ए.?"

"असेल आमच्यातलंच कोणीतरी जुनं. पप्पांना माहीत असेल."

तिने त्या कोटाची गोष्ट माझ्याकडून कितीतरी वेळा ऐकली होती. ती खोटं बोलत नव्हती, तिला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. पेन टेबलाच्या खणात असतं, तिने खण ओढला, पेन निघालं. जे वाक्य ऐकून माझ्या घशात घास अडकायचा, ते तिच्या तोंडून पाणी मागावं इतक्या सहज आलं. मला तिचा हेवा वाटला. पोटच्या पोरीचा. अगदी त्या गृहस्थांचा वाटला होता तसा, त्याच जागी. शर्ट करपल्याचा वास आला तेव्हा मी इस्त्री उचलली.

बाहेर जाऊन सगळं खरं सांगावं, असं एकदा वाटलं. बाई, मजुरी, अस्तर, सगळं. मी दारापर्यंत गेलो. मुलीने पेन वहीशेजारी आडवं ठेवलं होतं आणि ते हळूहळू टेबलाच्या कडेकडे निघालं होतं.

"उभं ठेव ते, पेल्यात," मी म्हणालो. "क्लिप नाही त्याला."